कॅमेरा लॅपटॉपला जोडून जुन्या मोडी कागदांचे फोटो काढायचेत, मदत हवीये

दौतटाक (७ डिसेंबर, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी,

वाईजवळच्या आमच्या गावच्या घरात माळ्यावर एक लाकडी पेटी आहे. तिच्यात तीन रुमाल आहेत, म्हणजे कापडात गुंडाळून बांधलेले सुट्या कागदांचे गठ्ठे, शिवाय दोन हाताने लिहिलेली बाडं आणि काही सुटी पोथीची पानं. बहुतेक सगळं मोडीत. घरात मोडी वाचता येणारी एकच व्यक्ती आहे, माझी आत्याआजी, वय ८४, तिला तिच्या वडिलांनी घरीच शिकवलं. तिचे डोळे अजून चांगले आहेत पण बारीक अक्षर आता दमवतं तिला.

गेल्या वर्षी आम्ही यातले थोडे कागद शहरातल्या एका स्कॅनिंगवाल्याकडे नेले होते. त्याने फ्लॅटबेडवर पालथे टाकून वरून झाकण दाबलं आणि आठ कागद घडीवरच तुटले. मी समोर उभी होते, तो आवाज अजून कानात आहे. तेव्हाच ठरवलं की आता हे घरीच करायचं, आणि प्रत्येक पान एकदाच उघडायचं.

माझ्याकडे कॅनन १५००डी आहे, १८-५५ची किट लेन्स, आणि एक जुना लॅपटॉप ज्यावर लिनक्स मिंट टाकलंय. तिपाईचा मधला दांडा आडवा करून त्याला कॅमेरा खाली तोंड करून लावला आणि दहा-बारा फोटो काढून बघितले. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं छान दिसलं, रात्री लॅपटॉपवर उघडलं तर निम्मे फोटो हललेले, दोनमध्ये फोकस कागदावर नाहीच, टेबलाच्या कडेवर. म्हणजे ती पानं परत उघडावी लागणार, आणि नेमकं तेच मला नकोय.

एका मैत्रिणीने सांगितलं की कॅमेरा केबलने कॉम्प्युटरला जोडून तिथूनच क्लिक करता येतं आणि फोटो लगेच मोठ्या स्क्रीनवर दिसतो. केबल जोडली, जी-फोटो-टू नावाचा कॅमेरा चालवायचा प्रोग्रॅम टाकला, तर यूएसबी डिव्हाइस ताब्यात घेता येत नाही अशा अर्थाची एरर येतेय. कुणी केलंय का हे? सगळं सविस्तर सांगा प्लीज, मला घाई नाहीये, चूक मात्र करायची नाहीये.

---

झूमलेन्स (७ डिसेंबर, रात्री ११:०५)

एकदम योग्य रस्त्यावर आहात. आमच्या स्टुडिओत दागिन्यांचं शूट असलं की कॅमेरा कायम केबलवरच असतो, याला आम्ही टेदर करणं म्हणतो. छोट्या स्क्रीनवर फोकस कधीच तपासायचा नाही, तिथे सगळंच शार्प दिसतं.

विंडोजचा लॅपटॉप मिळत असेल तर कॅननचं स्वतःचं ईओएस युटिलिटी फुकट आहे, त्यात काही खटपट नाही. ते विंडोज आणि मॅकवर चालतं, लिनक्सवर नाही. लिनक्सचं इथे यूएसबीकाका सांगतील, ते त्यातले मुरलेले आहेत.

---

यूएसबीकाका (८ डिसेंबर, सकाळी ७:१५)

आलो. ती एरर म्हणजे लिनक्सवर टेदर करायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला येणारी पहिली एरर आहे, कॅमेरा बिघडलेला नाही, केबलही बहुतेक चांगलीच असेल.

होतं काय, तुम्ही कॅमेरा जोडता त्याच क्षणी मिंटच्या डेस्कटॉपला वाटतं की हा पेन ड्राइव्हसारखाच काहीतरी प्रकार आहे, फोटो कॉपी करायला जोडलाय, आणि तो त्याला माउंट करून टाकतो. हे काम जीव्हीएफएस नावाची यंत्रणा मागच्या मागे करते. एका वेळी एकच प्रोग्रॅम कॅमेऱ्याशी बोलू शकतो, त्यामुळे जी-फोटो-टू दार वाजवतं तेव्हा आत आधीच कोणीतरी बसलेलं असतं. उपाय सोपा आहे. फाईल मॅनेजरमध्ये डावीकडे कॅमेऱ्याचं नाव दिसेल, त्यावर राइट क्लिक करून अनमाउंट करा, इजेक्टसारखी खूण असते ती. मग ऑटो-डिटेक्टचा पर्याय देऊन जी-फोटो-टू चालवा, कॅमेऱ्याचं नाव आलं की झालं. दर वेळी हे करायचा कंटाळा आला तर सिस्टिम मॉनिटर उघडून जीव्हीएफएसच्या त्या जी-फोटो नावाच्या दोन प्रोसेस बंद करा आणि फाईल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये मीडिया आपोआप माउंट करणं काढून टाका.

दुसरं, कॅमेऱ्याच्या मेनूत वाय-फाय चालू असेल तर ते बंद करा. कॅननच्या या वर्गातल्या कॅमेऱ्यांमध्ये वाय-फाय चालू असताना केबलचं कनेक्शन होतच नाही, आणि स्क्रीनवर तसं काही सांगतही नाही, माणूस केबल बदलत बसतो.

तिसरं, ऑटो पॉवर ऑफ बंद. आणि डायल एमवर, म्हणजे मॅन्युअलवर.

---

दौतटाक (८ डिसेंबर, सकाळी ९:३०)

काका!! अनमाउंट केलं आणि नाव आलं! वाय-फायसुद्धा चालूच होतं, ते बंद केल्यावरच झालं. ऑफिसला निघाले होते, चप्पल घातलेली असतानाच करून बघितलं. एक फोटो निघाला आणि थेट लॅपटॉपच्या फोल्डरमध्ये आला. मनापासून आभार. संध्याकाळी पुढचं विचारते.

---

मॅकवाली (८ डिसेंबर, सकाळी १०:१०)

हाच प्रकार मॅकवर पण आहे बरं का. तिथे पीटीपी-कॅमेरा-डी नावाची प्रोसेस कॅमेरा पकडून बसते, बंद केली की परत आपोआप उठते, त्यामुळे बंद केल्या केल्या लगेच आपला प्रोग्रॅम सुरू करावा लागतो. फोटोज आणि इमेज कॅप्चर ही दोन्ही ॲप आधी बंद ठेवायची. मी यात एक अख्खी दुपार घालवलीये म्हणून लिहितेय, कुणाचीतरी वाचेल.

---

नवखा_९१ (८ डिसेंबर, दुपारी १:२०)

एक शंका, केबलच्या भानगडीत पडण्यापेक्षा मोबाईलचं ॲप वापरून वाय-फायने क्लिक केलं तर चालणार नाही का? माझ्याकडे पण १५००डी आहे आणि मी फॅमिली फोटो तसेच काढतो.

---

यूएसबीकाका (८ डिसेंबर, दुपारी २:४५)

@नवखा_९१, फॅमिली फोटोला उत्तम, चालू ठेवा. पण इथे हजारभर फोटो काढायचेत, प्रत्येकाची रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची मूळ फाईल, २५-३० एमबी, ती हवेतून आणायची म्हणजे जीव कासावीस होतो, आणि मोबाईलची स्क्रीन पण लहानच. केबल यूएसबी २.० असली तरी रॉ फाईल एक-दीड सेकंदात येते. शिवाय मध्येच कनेक्शन तुटलं तर कुठल्या पानापर्यंत आलो होतो याचा घोळ.

केबलबद्दल एकच सांगतो, सगळ्यांसाठी. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंत, त्याच्या पुढे नको, यूएसबी ३ असेल तर ३ मीटरच्या आत ठेवलेली बरी. लांब हवी असेल तर मधे सिग्नल वाढवणारी ॲक्टिव्ह केबल मिळते ती घ्या. फोन चार्ज करायच्या बऱ्याच स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच, त्या घेऊन बसू नका. १५००डीला मिनी यूएसबी लागते, हल्लीच्या फोनची टाईप-सी नाही आणि जुन्या फोनची मायक्रो पण नाही. आणि केबल कॅमेऱ्याच्या तोंडाशीच लोंबकळू देऊ नका, एक वळसा घेऊन तिपाईच्या दांड्याला वेल्क्रोने बांधा, कोणाचा पाय अडकला तर ओढ दांड्यावर बसेल, कॅमेऱ्याच्या सॉकेटवर नाही. ते सॉकेट तुटलं की आतला बोर्ड बदलायला लागतो.

---

दौतटाक (८ डिसेंबर, रात्री ९:१५)

वेल्क्रो नव्हती, नाडीने बांधलं.

आता प्रश्न. टर्मिनलमध्ये दर फोटोला कमांड द्यायची तर कागद कोण धरणार? आणि फोटो आले पण कॅमेऱ्यातल्या कार्डवर काहीच नाही, फक्त लॅपटॉपवर. हे असंच असतं का? लॅपटॉप मध्येच गेला तर?

---

यूएसबीकाका (८ डिसेंबर, रात्री १०:००)

चांगला प्रश्न विचारलात, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. कॅननमध्ये कॅप्चर-टार्गेट नावाची सेटिंग आहे, सुरुवातीला ती इंटर्नल रॅमवर असते, म्हणजे फोटो कॅमेऱ्याच्या मेमरीत तयार होतो, लॅपटॉपवर जातो आणि कॅमेऱ्यातून पुसला जातो. ती सेटिंग मेमरी कार्डवर करा. मग डाउनलोड करताना मूळ फाईल कार्डवर ठेवायची असा 'कीप' पर्याय आहे तो द्या. म्हणजे क्लिक केल्या केल्या दोन प्रती, एक कार्डवर, एक लॅपटॉपवर.

कमांड दर वेळी नको. तुमच्यासाठी एन्टँगल बघा, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळेल, जी-फोटोच्याच लायब्ररीवर उभा असलेला साधा ग्राफिकल प्रोग्रॅम आहे, लाईव्ह व्ह्यू, म्हणजे लेन्समधलं चालू दृश्य, स्क्रीनवर दिसतो, एक की दाबली की क्लिक होतं, खाली पट्टीत फोटो येत जातात. डार्कटेबलमध्ये पण टेदरिंगचा वेगळा भाग आहे पण जुन्या लॅपटॉपला जरा जड जाईल.

मी टर्मिनलवाला माणूस आहे त्यामुळे माझी पद्धत वेगळी: कॅप्चर-टेदर्ड म्हणून पर्याय आहे, तो चालू करून सोडला की प्रोग्रॅम नुसता वाट बघत बसतो, तुम्ही कॅमेऱ्याचं बटण दाबा नाहीतर वायरचा रिमोट दाबा, फोटो आपोआप खाली उतरतो. आणि हूक-स्क्रिप्ट दिली तर प्रत्येक फाईल उतरल्यावर तुमची स्क्रिप्ट चालते, माझी स्क्रिप्ट फाईलला नाव देते, पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत टाकते आणि चेकसम एका यादीत लिहून ठेवते, पुढे कधी फाईल खराब झाली का ते त्यावरून कळतं. हवी असेल तर देईन लिहून.

---

परदेशस्थ_पक्षी (९ डिसेंबर, पहाटे ३:१०)

मी टोरंटोला असते, इथे एका लायब्ररीच्या डिजिटायझेशन विभागात तीन वर्षं काम केलं म्हणून थोडं लिहिते.

पहिलं, फूट पेडल. यूएसबीचं फूट पेडल कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणूनच दिसतं, त्याला एक की ठरवून द्यायची आणि एन्टँगलमधली क्लिकची की तीच ठेवायची. दोन्ही हात कागदाला मोकळे. याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच महागड्या लेन्सने पडत नाही.

दुसरं, कॅमेरा कागदाला अगदी समांतर हवा. कागदाच्या जागी एक छोटा सपाट आरसा ठेवा, लाईव्ह व्ह्यूत बघा, लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर फ्रेमच्या मधोमध आलं म्हणजे कॅमेरा सरळ आहे. स्पिरिट लेव्हलपेक्षा हे खात्रीचं, कारण टेबल स्वतःच कललेलं असू शकतं.

तिसरं, रेझोल्यूशनचा हिशेब. तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो ६०००×४००० पिक्सेलचा. कागद १३ इंच लांब असेल आणि फ्रेमच्या लांब बाजूत तो जेमतेम बसवला तर इंचाला साधारण ४६० पिक्सेल मिळतात. वाचायला ३०० पुरतात, ४०० च्या वर असलं की बोरूच्या फटकाऱ्याची कडसुद्धा दिसते. म्हणजे तुमचा कॅमेरा पुरेसा आहे, नवीन घेऊ नका. लेन्स ५० मिलिमीटरजवळ ठेवा, कॅमेरा कागदापासून साधारण ८५-९० सेंटीमीटर वर येईल. १८ वर अजिबात नको, कडा वाकतात.

---

झूमलेन्स (९ डिसेंबर, सकाळी ८:४०)

त्यात माझी भर. किट लेन्स खाली तोंड करून टांगली की झूमची नळी स्वतःच्या वजनाने हळूहळू घसरते, सकाळचा आणि संध्याकाळचा फोटो एका मापाचा येत नाही. एकदा ५० वर लावली की झूमच्या रिंगला चिकटपट्टी मारा, डिंक राहत नाही अशी कागदी टेप घ्या.

फोकस: लाईव्ह व्ह्यूत दहापट मोठं करून एका अक्षराच्या कडेवर फोकस करा आणि लगेच लेन्सवरचं बटण एमएफवर, म्हणजे मॅन्युअल फोकसवर, सरकवा. ऑटोफोकस चालू ठेवलात तर कोऱ्या जागेवर तो भरकटतो. गठ्ठ्याची उंची बदलली की मात्र परत करायचा.

एक्स्पोजर एफ/८, आयएसओ १००, शटर लागेल तेवढं सावकाश, १/८ असलं तरी हरकत नाही कारण कॅमेऱ्याला हातच लागत नाहीये. लाईव्ह व्ह्यू चालू ठेवून क्लिक केलं की कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर असतो, त्याचा धक्काही बसत नाही. आणि घरगुती एलईडीला घाबरायचं कारण नाही, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर जलद ठेवलं की फोटोत आडवे पट्टे येतात, १/८ ला ते सगळं मिसळून जातं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, एकदा ग्रे कार्डवर, म्हणजे रंग जुळवायच्या राखाडी पुठ्ठ्यावर, ठरवून तोच ठेवा, नाहीतर एकाच पत्राची दोन पानं दोन रंगांची येतील.

दिवे दोन, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात. खिडकी बंद.

---

कागदजपे (९ डिसेंबर, सकाळी ११:२५)

दौतटाक ताई, कॅमेऱ्याबद्दल इथले लोक बरोबर सांगतायत. मी कागद-संवर्धनाचं काम करते म्हणून दुसरी बाजू सांगते, कृपया नीट वाचा.

हातमोजे घालू नका. कापडी मोज्यात बोटाला कागदाची कड कळत नाही आणि फाटतो तो तिथेच. हात साबणाने धुवा, पूर्ण कोरडे करा, तेल-क्रीम काही नको, अंगठ्या काढून ठेवा, थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती त्या खोलीबाहेर ठेवा.

बाड टेबलावर सपाट उघडून दाबायचं नाही. ९० ते १०० अंशच उघडायचं, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या घड्या नाहीतर फोम लावून त्याला टेकू द्यायचा, मग आधी सगळी उजवी पानं काढायची, नंतर बाड फिरवून सगळी डावी. पान उडू नये म्हणून वर काचेचं वजन नको. सुती कापडाची बोटभर जाडीची नळी शिवा आणि तिच्यात काचेच्या गोट्या भरा, ती हलकेच कडेला ठेवायची. तांदूळ-मोहरी भरू नका, धान्याला कीड लागते आणि ती कीड मग कागदात जाते.

दिवे हॅलोजनचे नकोत, तापतात. क्लिक नसेल तेव्हा दिवा बंद.

आणि जे कागद एकमेकांना चिकटलेत ते सोडवू नका. सुरी नाही, वाफ नाही, काही नाही. बाजूला ठेवा आणि मला कळवा.

---

दौतटाक (९ डिसेंबर, रात्री १०:३०)

वाचलं, दोनदा वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली की नळी मी शिवते. गोट्या शेजारच्या मुलाने दिल्या, काम झाल्यावर परत करायच्या अटीवर.

एक अडचण उरली. लाईव्ह व्ह्यू चालू ठेवला की बॅटरी दीड तासात संपतेय. बॅटरी बदलायला कॅमेरा स्टँडवरून काढला की सगळं ॲलाइनमेंट परत.

---

रानवाट (१० डिसेंबर, सकाळी ६:५०)

डमी बॅटरी घ्या. बॅटरीच्या आकाराचा ठोकळा असतो, त्याची वायर भिंतीच्या प्लगात जाते. तुमच्या कॅमेऱ्याची बॅटरी एलपी-ई१०, तिचा डमी डीआर-ई१० नावाने मिळतो, बॅटरीच्या कप्प्याजवळ वायर बाहेर यायला छोटी रबरी खिडकी असते ती उघडायची, कव्हर पूर्ण बंद झालं पाहिजे नाहीतर कॅमेरा चालूच होत नाही.

मी एका सुगरणीच्या घरट्याचं टाइमलॅप्स केलं होतं, रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर आणि जी-फोटो-टू, दर दोन मिनिटांनी एक फोटो, अकरा दिवस. तिथे डमी बॅटरीशिवाय काही झालंच नसतं. एक अनुभव सांगतो: लाईट गेली की डमीवरचा कॅमेरा लगेच बंद, त्याला मधली साठवण काही नाही. लॅपटॉप चालू राहतो पण कॅमेरा गेलेला असतो. त्यामुळे कॅमेऱ्याचा ॲडॉप्टर इन्व्हर्टर नाहीतर छोट्या यूपीएसवरच लावा, गावाकडे भारनियमन असतंच.

आणि परत चालू झाला की डेस्कटॉप त्याला परत माउंट करतो, काकांनी सांगितलेलं अनमाउंट परत करायचं.

---

निकॉनप्रेमी (१० डिसेंबर, दुपारी १२:१५)

धागा मस्त चाललाय, वाचनखूण साठवली. माझ्याकडे निकॉन डी७५०० आणि विंडोज आहे, मला दुकानासाठी पैठण्यांचे फोटो काढायचेत, गिऱ्हाईक समोर बसून रंग बघतं. काय वापरू?

---

झूमलेन्स (१० डिसेंबर, दुपारी १२:५०)

निकॉनचं एनएक्स टेदर फुकट आहे, डी७५०० त्यात चालतो. नाहीतर डिजीकॅम-कंट्रोल, तेही फुकट आणि निकॉन-कॅनन दोन्हीला. सोनीवाल्यांनी इमेजिंग एजचा रिमोट, मेनूत यूएसबी कनेक्शन पीसी रिमोटवर करायला विसरायचं नाही. फुजीला एक्स ॲक्वायर. दोन प्रोग्रॅम एकदम उघडे ठेवू नका, कॅमेऱ्यासाठी भांडतात.

पैठणीचा रंग दाखवायचा असेल तर आधी मॉनिटर कॅलिब्रेट करा, नाहीतर गिऱ्हाईक स्क्रीनवरचा रंग बघून साडी घेईल आणि घरी गेल्यावर फोन करेल. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

---

लेखणीबहाद्दर (१० डिसेंबर, संध्याकाळी ६:३०)

एवढं सगळं करून शटर किती झिजेल? हजार-बाराशे क्लिक म्हणजे एंट्री लेव्हल बॉडीला जरा जास्त नाही का?

---

यूएसबीकाका (१० डिसेंबर, रात्री ८:००)

नाही. निकॉन डी८५०चं शटर कंपनीने २ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, साध्या बॉडीचा आकडा त्याहून खाली असतो पण हजार-बाराशेने काही बिघडत नाही, लग्नाचा फोटोग्राफर दोन दिवसांत त्याहून जास्त काढतो. पुस्तकांच्या पुस्तकं स्कॅन करायची असतील तर मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घेऊन इलेक्ट्रॉनिक शटर वापरावं, मग झिजायला काही नाहीच. इथे प्रश्न कॅमेऱ्याच्या आयुष्याचा नाही, त्या कागदांच्या आयुष्याचा आहे.

---

दौतटाक (२९ डिसेंबर, रात्री ११:५०)

मंडळी, बरेच दिवस गप्प होते कारण गावाला होते. आता सविस्तर लिहिते, तुम्हा सगळ्यांचं देणं आहे ते.

नाताळच्या सुट्टीत पाच दिवस केलं. पडवीत पाऊस नाही पण वारा येतो म्हणून मधल्या खोलीत मांडलं. चुलतभावाने जुन्या पाटाचा आणि लोखंडी नळीचा स्टँड करून दिला, तिपाईपेक्षा घट्ट. आरशाची युक्ती केली, पहिल्यांदा बघितलं तर लेन्स फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यात होती, म्हणजे मी आधी काढलेले सगळे फोटो तिरके होते. पाटाखाली पोस्टकार्डाच्या घड्या घालत घालत ती मधोमध आणली, पाऊण तास गेला, पण पुढचे पाच दिवस हात लावावा लागला नाही.

पहिल्या दिवशी फक्त ९० फोटो झाले. दुसऱ्या दिवसापासून हात बसला. आई कागद ठेवणार, मी पायाने पेडल दाबणार, चुलतभाऊ स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून चारही कोपरे बघणार आणि "हं" म्हणणार, "हं" आल्याशिवाय आई कागदाला हात लावणार नाही असा नियम केला. एकूण ११७८ फोटो, साधारण ३२ जीबी. काकांची स्क्रिप्ट वापरली, कार्डवर एक, लॅपटॉपवर एक, पेन ड्राइव्हवर एक. त्यातले नऊ परत काढावे लागले, पण ते तिथल्या तिथे, कागद समोर असतानाच. एकही पान दुसऱ्यांदा रुमालातून काढावं लागलं नाही. लाईट तीन वेळा गेली, रानवाट यांच्यामुळे कॅमेरा इन्व्हर्टरवर होता.

काही कागदांवर शाई उडून तपकिरी झाली होती, डोळ्याला नुसता पिवळा कागद दिसायचा. परदेशस्थ_पक्षी यांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सुचवलं की रॉ फाईलमधला फक्त निळा चॅनल उघडून बघा, तिथे ती तपकिरी अक्षरं काळी होऊन वर आली. मी लॅपटॉप तसाच उचलून आईला दाखवायला पळत गेले.

आता मुख्य. तिसऱ्या दिवशी लॅपटॉपची एचडीएमआय केबल टीव्हीला लावली, असंच, भावाला मोठं दिसावं म्हणून. आत्याआजी बाजूला पलंगावर शेंगा सोलत बसली होती. पान टीव्हीवर आलं आणि ती वाचायलाच लागली. चष्मा नाही, भिंग नाही, पलंगावरूनच. मोडीत आधी शिरोरेघ ओढून घेतात आणि मग खाली अक्षरं लिहीत जातात, त्यामुळे शब्द कुठे सुटतो ते आम्हाला कळतच नाही, ती मात्र बोट हवेत फिरवत फिरवत शब्द तोडत गेली. शेंगा तशाच राहिल्या मांडीवर. तो कागद म्हणजे विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा ठराव निघाला, कुठल्या घराला कुठल्या वारी किती पहर पाणी, आणि त्यात आज कुणालाच आठवत नसलेलं एक घर आहे. आत्याआजीला आठवतं. तिने ती जागा पण सांगितली, आता तिथे नुसतं जोतं आहे.

मग आम्ही पद्धतच बदलली. फोटो आला की ती वाचणार, भाऊ मोबाईलवर तिचा आवाज रेकॉर्ड करणार, रेकॉर्डिंगला फोटोचाच नंबर. सुट्टीत १४० पानं तिने वाचली. बाकीची रोज संध्याकाळी थोडी थोडी वाचायची म्हणते, फाईल पेन ड्राइव्हवर टीव्हीला लावून दिल्यात, मूळ कागद परत रुमालात बांधून पेटीत. तिने स्वतः गाठ मारली.

राहिलाय तो तिसरा रुमाल. कधीतरी छप्पर गळून त्यात पाणी गेलं असावं, पन्नासेक कागद एकत्र चिकटून वीट झालीये आणि एका कोपऱ्याला कसर लागलेली दिसते. हात लावलेला नाही. कागदजपे ताई, तुम्ही कळवा म्हणाला होतात.

---

यूएसबीकाका (३० डिसेंबर, सकाळी ६:३०)

सकाळी उठून पहिलं हे वाचलं, घरात मोठ्याने वाचून दाखवलं. ताई, चेकसमची यादी कागदावर छापून पेटीत ठेवा, आणि चौथी प्रत घराबाहेर कुणाकडे तरी द्या. मी ठेवायला तयार आहे, हार्ड डिस्क कुरियरने पाठवतो.

---

परदेशस्थ_पक्षी (३० डिसेंबर, सकाळी ७:०५)

आमच्या विभागात लाखांचा सरंजाम होता आणि पानं वाचणारं कोणी नव्हतं. आजींना माझा नमस्कार सांगा. आवाजाच्या फाईली एमपी-थ्रीच्या आधी मूळ रूपात पण जपून ठेवा.

---

कागदजपे (३० डिसेंबर, सकाळी १०:४०)

ताई, रुमाल जसा आहे तसा राहू दे, गाठ सोडू नका. पेटीतून काढून वेगळ्या कोरड्या खोलीत ठेवा, बाकीच्या दोन रुमालांपासून लांब, म्हणजे कसर पसरणार नाही. उन्हात अजिबात टाकू नका, वाळला की आणखी घट्ट होईल. मला प्रत्यक्ष बघायला लागेल. मी पुण्यात असते, येत्या रविवारी मोकळी आहे.

---

दौतटाक (३० डिसेंबर, सकाळी १०:५५)

वेगळा काढला, देवघराशेजारच्या खोलीत फळीवर ठेवलाय. स्वारगेटहून सकाळी लवकरची वाईची गाडी घ्या, मी स्टँडवर घ्यायला येते. आत्याआजी विचारतेय, जेवायला काय करू.